धाकट्या माशाचा काटा

प्रिय मास्तरीणबाई,

तुझे पत्र मिळून आज नऊ दिवस झाले. आलेल्या पत्राला तीन दिवसांच्या आत उत्तर द्यावे, हा माझा नियम तू जाणतेस, म्हणून उशिराबद्दल प्रथम क्षमा मागतो. तू कळविले आहेस की तुझे पुस्तक छापखान्यात जाण्यास तयार आहे; परंतु कोणा परीक्षकाने आपल्या दगडातल्या माशाविषयी, त्या जीवाश्माविषयी, शंका काढली आहे, आणि ज्याने तो दगड साफ केला त्याच्या हस्ताक्षरातील दोन ओळी प्रकाशकाला हव्या आहेत. "पोटावरचा मधला काटा दगडात होता तसाच आहे, मी त्यात काही घातलेलं नाही, एवढंच लिहा बाबा, बाकीचं मी बघते," हे तुझे शब्द. दोन ओळी म्हणजे काही महाभारत नव्हे. चौथी पास झालेल्या माणसालाही त्या लिहिता याव्यात. तरी रोज सकाळी चहा झाल्यावर मी टेबल पुसतो, कागद सरळ ठेवतो, तारीख घालतो आणि उठतो. असे तारीख घातलेले आठ कागद येथे पडून आहेत. हा नववा.

माझी प्रकृती ठीक आहे. उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या इमारतीच्या विटा मोजता येतात. डावा डोळा मात्र धुके दाखवितो. वरच्या मजल्यावरील निवृत्त ड्रायव्हर रोज येऊन "काय आजोबा, अजून फुटला नाही का दगड?" असे विचारतो आणि स्वतःच हसतो. त्याला वाटते की मी अजूनही दगड फोडतो. नळाची गळती मी स्वतः बंद केली. प्लंबर बोलाव, असे तू फोनवर म्हणाली होतीस. पण ज्याच्या हातात चाळीस वर्षे सुई होती, त्याने वायसरसाठी दुसऱ्याचे तोंड पाहणे बरे दिसत नाही. तुला मास्तरीणबाई हे नाव मी तू सात वर्षांची असताना दिले. कार्यशाळेतील खोक्यांवर मी ज्या चिठ्ठ्या लिहीत असे, त्यांतील चुका तू तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करीत असस, आणि मी मुकाट्याने पुन्हा लिहून काढीत असे. आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या माणसाचे ऐकावे, मग ते केवढेही असो, असे मी तुझ्या आईला सांगत असे. तुझे अक्षर तेव्हापासून माझ्यापेक्षा चांगले आहे.

मी त्या कामात कसा आलो, हे तू भाषणांतून पुष्कळदा सांगितले आहेस; तरी आज माझ्या शब्दांत लिहितो. मी खाणीत दगड फोडणारा मजूर. एके दिवशी संग्रहालयाचे मोठे साहेब खाणीवर आले आणि त्यांनी पाहिले की इतरांच्या घणाखाली गाठीच्या, म्हणजे पोटात मासा दडलेल्या, दगडाचा भुगा होतो, आणि माझ्या घणाखाली तोच दगड वहीसारखा उघडतो. त्यांनी विचारले, "हे कुठं शिकलात?" मी म्हणालो, "दगड कुठून उघडायचा ते दगडच सांगतो, साहेब." त्यांनी मला त्याच आठवड्यात संग्रहालयाच्या कार्यशाळेत नेले, हातात सुई, ब्रश आणि भिंग दिले, आणि दोन नियम सांगितले. दगडातून जे निघेल त्याला बोट लावायचे नाही. आणि जे सुटून पडेल ते त्याच दगडाच्या नंबराच्या डबीत, त्याच क्षणी. घडीभराने नाही, जेवून आल्यावर नाही.

त्या माशांविषयी तू मला पुढे पुष्कळ सांगितलेस, पण पहिला धडा साहेबांचा. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे हे मासे. शेपटी सोडून प्रत्येक परापुढे एकेक ताठ काटा, जणू शिडापुढे डोलकाठी. आतला सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीसारखा, म्हणून तो कुजून गेला. मागे राहिले ते काटे आणि मोहरीहून बारीक खवले. त्यांच्या आधीचे बहुतेक मासे नुसते तोंड उघडून चिखल शोषत; यांना जबडा होता. साहेब म्हणत, "ज्या दिवशी माशाला जबडा फुटला, त्या दिवशी जगातला पहिला साहेब जन्माला आला." आम्ही सगळे हसत असू, आणि साहेब आमच्याहून मोठ्याने. आता असा एकही मासा कोणत्याही पाण्यात नाही. मी त्यांच्याशी चाळीस वर्षे बोललो आणि त्यांतला एकही मी जिवंत पाहिलेला नाही, याचे मला तेव्हाही वाईट वाटे.

आता त्या दुपारविषयी. तू प्रस्तावनेत ती दुपार लिहिली आहेस. ती पाने तू मला पाठविलीस, मी ती चार वेळा वाचली. तू नऊ वर्षांची, शाळेला सुटी, तुझी आई दिवसभरासाठी तिच्या बहिणीकडे गेलेली, म्हणून तुला मी कार्यशाळेत आणले होते. तू स्टुलाखाली बसून खडूने चौकटी काढीत होतीस. तुला जमिनीवर एक काटा सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा, काळा, चकचकीत. तू तो तळहातावर घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुमच्या माशाचं काहीतरी पडलं." तू लिहितेस की त्या क्षणी तुझे आयुष्य ठरले, चाळीस कोटी वर्षांचा जीव तुझ्या तळहातावर होता आणि तुझ्या वडिलांनी तो चिमट्याने उचलून त्याच्या जागी परत ठेवला. तू फार सुंदर लिहिले आहेस. मी लिहिलेली एकही चिठ्ठी इतकी सुंदर नाही.

त्या टेबलावर त्या दुपारी एक दगड नव्हता, दोन होते. तुला ते ठाऊक नव्हते, आणि मी कधी सांगितले नाही. एक आपला मासा, खाणीच्या तळच्या थरातला, त्या थरातून मिळालेला एकुलता एक. दुसरा वरच्या थरातला, साहेबांच्या हिशोबाने पन्नास लाख वर्षांनी धाकटा. तो फुटका आणि अर्धवट होता. त्याच्या पोटावरचे बारीक काटे मी सकाळभर सोडवीत होतो. त्या जातीला पुढच्या आणि मागच्या परांच्या मधे पोटावर अशा काट्यांची ओळ असते, हे सर्वांना ठाऊक होते. आपल्या माशाच्या पोटावर मात्र त्या जागी नखाएवढा टवका उडालेला होता. तो टवका खाणीत, माझ्याच घणाखाली उडाला होता. तेथे काय होते, ते मी पाहिले नाही. कोणीच पाहिले नाही.

तू हात पुढे केलास तेव्हा माझ्यापाशी खरे उत्तर एकच होते, की हा काटा कोणत्या दगडाचा ते मला सांगता येत नाही. तसे असेल तर तो कोणत्याच माशाला लावायचा नसतो. बिननंबराच्या डबीत टाकायचा असतो, आणि त्या डबीवर ज्याच्या हातून पडला त्याचे नाव लिहायचे असते. माझ्या नावाची तशी डबी त्या कपाटात एकही नव्हती. इतरांच्या होत्या, आणि मी जाता-येता त्या मोजून दाखवीत असे. अकरा वर्षांत माझ्या हातून काही पडले नव्हते. त्यातून तू बघत होतीस. तुझ्या डोळ्यांत असे होते की बाबांना ठाऊक आहे. मी काटा उचलला आणि टवक्याच्या जागी धरून पाहिला.

तो बसला नाही, बाळ. हे वाक्य लिहायला मला नऊ दिवस लागले. त्याचा पाय रुंद होता. मग मी तुला पाणी आणायला पाठविले, आणि सुयांना धार लावण्याच्या दगडावर त्याचा पाय घासला. चार वेळा घासला. त्यानंतर तो असा बसला की जणू आईच्या पोटातूनच तसा आला. स्पिरिटमध्ये विरघळलेल्या लाखेचा एक थेंब सोडला, फुंकर मारली, आणि तू पाणी घेऊन आलीस तोवर काम संपले होते. तू टाळ्या वाजविल्यास. चुकून लावला असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला समजावीत राहिलो. पण चुकून लावणारा माणूस घासत नाही.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी भिंग लावले आणि बराच वेळ वर पाहिले नाही. मला वाटले, पकडला गेलो. मला सुटल्यासारखेही वाटले, हे खरे आहे. पण साहेबांनी मान वर केली ती डोळ्यांत पाणी घेऊन. इतक्या जुन्या थरात पोटावरचा काटा म्हणजे ती ओळ आपण समजतो त्याहून पन्नास लाख वर्षे जुनी. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांनी पूर्वी कधी कोणा कामगाराचा हात हातात घेतला नव्हता. मी काढून घेतला नाही. साहेब चारच वर्षांनी गेले, आणि मोठी झाल्यावर ते काम तू पुढे नेलेस. आधी एक निबंध, मग पदवी, मग मोठी पदवी, मग खुर्ची. ती ओळ पोटाच्या एका लांब झालरीतून आली, त्याच झालरीतून पुढचे आणि मागचे पर सुटे झाले, आणि त्या परांचे कालांतराने आपले हात आणि पाय झाले, हे तू मला एका रविवारी स्वयंपाकघरात पिठाच्या हातांनी दाखविले होतेस. "म्हणजे बाबा, तुमचा हा सुईचा हात आहे ना, तो तुम्ही बसवलेल्या त्या काट्यापासून निघालाय." तुझी आई खुर्चीवर बसली होती. ती हसली नाही.

कारण तिला ठाऊक होते. मी सांगितले नव्हते. तिला सांगावे लागत नसे. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या बोटांना लागलेली काळी भुकटी तिने पाहिली होती, आणि पुढे तू जेव्हा-जेव्हा त्या काट्याचे नाव काढीत असस, तेव्हा मी ताटातून मान वर करीत नसे, हेही. त्या माशाला तू दोन शब्दांचे शास्त्रीय नाव दिलेस आणि त्यातला दुसरा शब्द आपले आडनाव ठेवलेस, त्या दिवशी घरी पेढा हातात धरून बसलेल्या मला ती म्हणाली, "लेकीचं घर तुम्हाला वाटतं दगडावर उभं आहे. ते तुमच्या लाखेच्या थेंबावर उभं आहे. सांगून टाका, अजून भिंतीच आहेत, छप्पर चढायचंय." मी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, "मूठ तुमची आहे हो, पण आत बोटं तिची आहेत." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. शेवटच्या आजारात एकदा फक्त माझ्याकडे बघून चार बोटे घासल्यासारखी हलविली. नर्सला वाटले की तिला खाज सुटली आहे.

गेल्या हिवाळ्यात तुझी ती चष्मेवाली विद्यार्थिनी माझ्याकडे आली. येण्याआधी तिने फोन केला, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, आणि फार आदराने बोलली. तिने टेबलावर एक फोटो ठेवला. जांभळ्या दिव्याखाली काढलेला आपला मासा, आणि त्या काट्याच्या पायाशी नारिंगी कडे, पेटलेल्या निखाऱ्यासारखे. लाख त्या दिव्यात तशी पेटते, हे मला माहीत नव्हते. आमच्या वेळी तो दिवा नव्हता. ती म्हणाली, "आजोबा, इथं लाख कशी?" मी म्हणालो, "सगळ्याच माशांना लावतात, मजबुतीसाठी." ती म्हणाली, "हो, पण बाकी अंगावर पातळ आहे. इथंच एवढी का?" मी उत्तर दिले, "तुमच्या वयाहून माझी सुई जुनी आहे. तुम्हाला कोणी पाठवलं?" वास्तविक तिला कोणीच पाठविले नव्हते. तिने अर्धा कप चहा तसाच ठेवला, माफी मागितली आणि गेली. माफी तिने मागितली, मी नव्हे. त्याच संध्याकाळी मी तुला फोन करून म्हणालो की तुझी विद्यार्थिनी माझ्या घरी येऊन माझा अपमान करून गेली. तू किती चिडलीस! दुसऱ्या दिवशी तू तिचे मार्गदर्शन सोडलेस. तू ते माझ्यासाठी केलेस, हे मला कळते. मी तुला ते करायला लावले, हे तुला कळत नव्हते.

तुझे हे पत्र आल्यावर मी तिला शोधून काढले. ती आता पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काउंटरवर बसते. लोक बाटल्यांत विहिरीचे पाणी आणतात, ती त्यांवर नंबर टाकते. मी माझे सर्व सांगणे उभ्यानेच संपविले. ती ऐकताना नंबर टाकीत होती. मग म्हणाली, "आजोबा, मला तेव्हा तुमचं एक वाक्य हवं होतं. आता त्या गावाला माझं काही काम नाही." ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने मला रस्ता ओलांडेपर्यंत सोबत केली आणि परत आत गेली. खाणही मी जाऊन पाहिली. तळचा थर आता चाळीस हात पाण्याखाली आहे आणि पाण्यावर शहराचा कचरा तरंगतो. म्हणजे दुसरा मासा मिळणार नाही. काटा काढून टाकला तरी त्या टवक्याच्या जागी खरोखर काय होते, ते या जगात कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित तेथे काटा असेलही, कदाचित तू जे मांडलेस ते सर्व खरेही असेल, आणि तरी ते तुला कधी सिद्ध करता येणार नाही. नुसते खोटे ठरणे यापेक्षा बरे. हे मी तुझ्याकडून हिरावून घेतले. आपले आडनाव मात्र त्या माशाला तसेच राहील, असे मला सांगण्यात आले. एकदा दिलेले नाव, मासा अपुरा ठरला म्हणून काढता येत नाही, असा तुमच्या शास्त्राचा नियम आहे म्हणे.

हे पत्र तुझी परवानगी मागण्यासाठी लिहिलेले नाही, आणि क्षमा मागण्यासाठीही नाही; क्षमा मागावी एवढी माझी हिंमत नाही. आज सकाळी मी संग्रहालयात गेलो. संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी दगड ट्रेमध्ये आणला आणि म्हणाल्या, "आजोबा, हात मागे ठेवा. आता तो पुरावा आहे." मी हात मागे बांधून भिंगातून पाहिले. घासल्याच्या रेघा अजून आहेत, चार, एकाच दिशेने. ज्याला पाहायचे त्याला त्या पहिल्या दिवसापासून दिसल्या असत्या. पण माझ्या हातावर सर्वांचा विश्वास होता, तुझा सर्वांत जास्त. मग मी त्यांच्या समोर बसून दोन ओळींऐवजी अडीच पाने लिहिली, सही केली, आणि त्यांनी ती तुझ्या प्रकाशकाला, त्या परीक्षकाला आणि तुझ्या विभागप्रमुखांना पाठविली. बाईंनी विचारले, "मुलीला सांगितलंत का?" मी म्हणालो, आज सांगतो. हे पत्र मी आता तुझ्याकडे निघालेल्या माणसाच्या हाती देणार आहे, म्हणजे उद्या कार्यालयात तुला कोणी बोलावण्याआधी ते तुझ्या हातात असेल. आधी पाठवून मग का कळविले, असे तू विचारशील. त्याचे उत्तर असे की तुला आधी विचारले असते, तर तू म्हणाली असतीस, "बाबा, गप्प बसा." आणि मी तुझे ऐकले असते.

तुझाच,
बाबा